मामाच्या टाकीतली १९ पिल्लं आणि वरचेवर मरणारा मासा

‘मासा पुन्हा मेलाय, येताना मोठी जाळी आण’ असा मामाचा मेसेज आला तेव्हा त्यातल्या ‘पुन्हा’कडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही. मी कोथरूडला पोचेपर्यंत मेलेला मासा टाकीत मजेत फिरत होता, मामा चिडला होता आणि मामी म्हणाली की या महिन्यातलं याचं हे चौथं मरण आहे, तू चहा घे.

मी बारा वर्षं सिक्लिड या कुळातले मासे पाळतोय, तरी पहिल्या दिवशी मला काहीही कळलं नाही. आणि जे कळायचं होतं ते मामाच्या वहीत आधीपासून लिहिलेलं होतं, फक्त दोन वेगळ्या पानांवर. म्हणून हे सगळं प्रकरण क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी टाकी. चार बाय दीड बाय दीड फुटाची, म्हणजे साधारण अडीचशे लिटर, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला. मामा बँकेतून रिटायर झाला आणि त्याने फंडातले थोडे पैसे यात घातले. टाकीवर एक छापील पाटी आहे: ‘काचेवर टकटक करू नये. माशांना खायला घालू नये. मासे कितीला आणले हे विचारू नये.’ सगळे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, म्हणजे तसे दुकानात सांगितलेले. सहा मोठे येलो लॅब, चार रस्टी, काचेला चिकटून असणारा एक सकर आणि जूनमध्ये आणलेला एक पांढरट अंगावर तपकिरी डाग असलेला मासा, ज्याला दुकानदार ‘जिराफ’ म्हणाला होता आणि मामी ठिपक्या म्हणायची. आणला तेव्हा बोटाएवढा होता, सप्टेंबरमध्ये मी मोजला तेव्हा १३ सेंटीमीटर.

पुण्यात महापालिकेचं धरणाचं पाणी मऊ असतं आणि मलावीच्या माशांना लागतं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पीएच ७.७ ते ८.६ च्या आसपासचं, त्यामुळे मामाने फिल्टरमध्ये कोरलचा चुरा घातलाय आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच बादल्या भरून ठेवतो. हे मुद्दाम सांगतोय कारण पहिला संशय पाण्यावरच जातो, आणि मामाचं पाणी माझ्या टाकीपेक्षा चांगलं निघालं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

आता पिल्लं. एका येलो लॅब मादीने तोंडात अंडी धरली. या जातीत मादी अंडी आणि नंतर पिल्लं तोंडातच वाढवते, जवळजवळ महिनाभर, आणि तोवर तिचं खाणं जवळपास बंद. मामाने तिला वेगळ्या डब्यात ठेवलं, पिल्लं तिने बाहेर सोडल्यावर तिला परत टाकीत टाकलं आणि पिल्लांना पूड करून खाऊ घालत तीन सेंटीमीटरपर्यंत वाढवलं. एकोणीस जगली. ती मोठ्या टाकीत सोडली त्या दिवसाला मामाच्या वहीत ‘दिवस १’ लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय.

वही म्हणजे बँकेतल्यासारखीच, रकाने पाडलेली. डाव्या पानावर तारीख, तापमान, खाणं, पिल्लांची संख्या. उजव्या पानावर औषधपाणी. संख्या मोजायचं काम मामीचं, कारण मामाला चाळिशी लागते आणि पिल्लं एका जागी थांबत नाहीत. ती खाऊ टाकल्या टाकल्या मोबाइलवर फोटो काढायची, दोन फोटोंत आकडा जुळला तरच लिहायचा. चौथ्या दिवशी १८. आठव्या दिवशी १६. अकराव्या दिवशी १५. अठराव्या दिवशी पण १५. बाविसाव्या दिवशी १३, सत्ताविसाव्याला ११, आणि मी गेलो तो एकतिसावा दिवस, ९.

दहा पिल्लं गेली आणि एकाचंही प्रेत सापडलं नाही. मला वाटतं सगळ्या प्रकरणातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती, पण त्या दिवशी आम्ही तिच्यावरून सरळ पुढे गेलो, कारण मामाकडे संशयितांची यादी तयार होती आणि तो ती फायलीतून वाचल्यासारखी वाचत होता. फिल्टरने ओढली असतील? पाइपच्या तोंडाला स्पंज आहे, बोट पण जात नाही. उडी मारून बाहेर पडली असतील? वर काच आहे, आणि झाडू मारायला येणाऱ्या मावशींना दहातलं एक तरी वाळलेलं सोफ्याखाली मिळालं असतं. शेजारच्यांची मांजर? मामी म्हणाली ती मांजर काच उचलून परत लावून जात असेल तर तिला आपण घरकामालाच ठेवू. मोठे लॅब आणि रस्टी मारत असतील? मारतात, मलावीचे मासे भांडखोर असतातच, पण ते मारतात तेव्हा फाटलेली शेपटी दिसते, कोपऱ्यात वर जाऊन थरथरणारं पिल्लू दिसतं, अर्धवट खाल्लेलं काहीतरी वाळूवर पडलेलं असतं. इथे तसलं काहीच नव्हतं. उरलेली नऊच्या नऊ पिल्लं टकाटक, पंख अख्खे.

म्हणजे जो कोणी होता तो अख्खं गिळत होता. अख्खं गिळायला तोंड मोठं लागतं. येलो लॅबचं तोंड बारीक, चिमट्यासारखं, निसर्गात तो खडकावरचे किडे-बिडे टिपून खाणारा मासा. रस्टीचं पण लहान. सकरचं तोंड खालच्या बाजूला, काचेला चिकटायला. राहिला एकच, आणि तो एकच असा होता की ज्याच्यावर मामाला दया येत होती.

‘अरे तो आजारी आहे,’ मामा म्हणाला. ‘दोन दोन तास आडवा पडून असतो. त्याचं तो बघेल की शिकार करेल?’

दोन तास ही मामाची अतिशयोक्ती. पण आडवा पडतो हे खरं होतं. मामीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मासा वाळूवर कुशीवर पडलेला, एक डोळा वर, अंगावरचे डाग असे की कुजायला लागलेल्या माशाचे वाटावेत. मी दहा सेकंद बघितलं आणि म्हणालो, मामा, दुकानदार तुला जिराफ म्हणाला ना? हा जिराफ नाही.

हे थोडं सविस्तर सांगतो कारण घोळ इथूनच सुरू होतो. मलावीमध्ये निंबोक्रोमिस नावाचा एक गट आहे, सगळेच मासे खाणारे, आणि लहानपणी त्यातली निम्मी मंडळी एकसारखी दिसतात, पांढरट-पिवळट अंग आणि त्यावर तपकिरी धब्बे. ज्याला हौशी लोक जिराफ म्हणतात तो व्हेनुस्टस. धब्ब्यांच्या वर सगळीकडे बारीक बारीक ठिपके पण असतील तर तो पॉलिस्टिग्मा. बारीक ठिपके अजिबात नाहीत, फक्त मोठे मोठे डाग, तर लिव्हिंगस्टोनाय. मामाचा ठिपक्या, नाव चुकीचं असलं तरी, डागवालाच होता. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एका टाकीत वीस-पंचवीस जातींची पिल्लं भरतात आणि नग अमुक रुपये असं विकतात, त्यात कोण मोठा झाल्यावर काय खाणार याची चौकशी घेणारा करत नाही आणि देणारा सांगत नाही. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही बहुतेक माहीत नव्हतं. पण दीड इंची मासा घेताना तो २५ सेंटीमीटरचा होणार हे तरी कुणीतरी बोलायला हवं की नको.

गंमत म्हणजे या गटातल्या प्रत्येकाची शिकारीची तऱ्हा वेगळी. व्हेनुस्टस वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि दबा धरतो. लिनी नावाचा एक आहे, त्याचं तोंड सोंडेसारखं पुढे येतं, तो खडकावर हनुवटी टेकून बसतो आणि फटीतली पिल्लं ओढून घेतो. पॉलिस्टिग्मा कधी कधी टोळीने फिरतो. त्याच सरोवरात काँप्रेसिसेप्स म्हणून दुसऱ्या गटातला एक चपटा, सुरीसारखा मासा आहे, तो पाणगवतात डोकं खाली करून उभा राहतो, समोरून बघितलं तर जवळजवळ दिसतच नाही. आणि लिव्हिंगस्टोनाय मरतो.

म्हणजे मरून पडतो. मलावीतले लोक त्याला कालिगोनो म्हणतात. चिचेवा भाषेत कुगोना म्हणजे झोपणं, त्यावरून झोपाळू. आपल्याकडचं लांबलचक नाव डेव्हिड लिव्हिंगस्टनवरून आलं, तो १८५९ मध्ये त्या सरोवरापाशी पोचला होता. पण कोळ्यांनी ठेवलेलं नाव जास्त कामाचं आहे, त्यात निदान मासा काय करतो ते तरी आहे. केनेथ मॅके नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सरोवरात पाण्याखाली जाऊन हे बघितलं आणि १९८१ मध्ये त्यावर पेपर लिहिला. मासा फिरता फिरता वाळूवर खाली येतो, कुशीवर पडतो, निपचित. अंगावरचे डाग सडलेल्या मांसासारखे. आजूबाजूचे लहान मासे मेलेलं काहीतरी मिळालं म्हणून चाखायला जवळ येतात आणि हा तोंडाच्या टप्प्यात आलेल्याला उचलतो.

मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं आणि मामाने एक प्रश्न विचारला, ‘पुरावा?’

बँकेतला माणूस. कुठेतरी मलावीत एका माशाने केलं म्हणून कोथरूडमध्ये याने केलं असं होत नाही. आणि बरोबर होतं त्याचं, खरंच आजारी मासे पण आडवे पडतात. पोटातली हवेची पिशवी बिघडली की पडतात, कल्ल्यांना परजीवी झाले की पडतात, नवीन टाकीत घाबरून पण पडतात. म्हणून मी वही मागितली, आणि उजवं पान उघडलं.

उजव्या पानावर दिवस १२ ते १७ समोर लिहिलं होतं: ‘डागवाला मासा बाल्कनीत, निळ्या टबमध्ये. खडे मीठ + मिथिलीन ब्लू.’

कारण विचारलं तर मामी म्हणाली, गणपती होते. घरचे पाच दिवसांचे. आदल्या दिवशी सजावट करताना हा परत आडवा पडलेला दिसला आणि तिने सांगितलं की सणासुदीला बाप्पाच्या शेजारी मेलेला मासा नको, काय औषध द्यायचं ते बाल्कनीत नेऊन दे. मामाने जाळी घातली तर मेलेला मासा टाकीभर पळाला, तीन रोपं उपटली, वीस मिनिटांनी सापडला. ‘तेव्हा तरी कळायला हवं होतं,’ मामी म्हणाली. मामा म्हणाला, ‘शेवटचा जोर होता तो.’

आता डावं पान बघा. अकराव्या दिवशी १५, अठराव्या दिवशी १५. आधीच्या अकरा दिवसांत चार पिल्लं गेली होती, नंतरच्या तेरा दिवसांत सहा. त्या वेगाने मधल्या सहा दिवसांत दोन-तीन तरी जायला हवी होती. गेली शून्य. मामाने ते बघितलंच नव्हतं असं नाही, त्याने समोर शेरा मारला होता, ‘गणपतीत एकही नाही!’ आणि उद्गारचिन्ह. खाली त्याचं म्हणणं, ‘बाप्पाची कृपा’.

हसू नका, त्याच्या म्हणण्यात एक अडचणीचा मुद्दा होता. गणपतीत त्या हॉलमध्ये बाकी पण सगळंच बदललेलं होतं. सजावटीची दिव्यांची माळ रात्रभर चालू, माणसांची ये-जा अकरापर्यंत, माशांना खाणं कधी दोनदा कधी एकदाही नाही. पिल्लं जर अंधारात मरत किंवा मारली जात असतील तर उजेडामुळे सुद्धा वाचली असतील. मासा बाहेर आणि दिवे आत, दोन्ही गोष्टी त्याच सहा दिवसांत झाल्या, मग कुणाला श्रेय द्यायचं? संशयाला जागा होती पण पुरावा म्हणता येत नव्हता, आणि हे मला मामासमोर कबूल करावं लागलं, जे मला आवडलं नाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळी बसलो. मी, मामा, मामी. हॉलचे दिवे बंद, टाकीचा दिवा चालू, टीव्ही म्यूटवर कारण मामीने सीरियल सोडायला नकार दिला. काचेपासून सहा-सात फूट लांब, हलायचं नाही. माशांना माणूस दिसला की ते खाऊच्या आशेने पुढे येतात आणि सगळं वागणं बिघडतं, म्हणून हे अंतर.

साडेसहापासून सात वाजेपर्यंत काही नाही. ठिपक्या मागच्या खडकाजवळ हळूहळू फिरत होता. सातला पाच-सात मिनिटं कमी असताना तो पुढे मोकळ्या वाळूवर आला, आणि बुडत्या पानासारखा खाली गेला, म्हणजे पोहत नाही, पंख आवळून नुसता खाली. पोट टेकलं, मग अंग एका बाजूला कललं आणि कुशीवर. शेपटी थोडी वाळूत. अंगाचे गडद डाग आणखी गडद झाले आणि मधला रंग फिका पडला. तोंड किंचित उघडं. वरचा डोळा मात्र, मी दुर्बीण घेऊन गेलो होतो म्हणून दिसलं, वरचा डोळा फिरत होता. आणि कल्ल्याचं झाकण हलत होतं, पण इतकं कमी की नुसत्या डोळ्यांना काही कळणार नाही.

मामा कुजबुजला, ‘बघ, गेला.’

एक रस्टी आला, बघून निघून गेला. मग मोठा लॅब आला, शेपटीपाशी एकदा टोच मारली, ठिपक्या हलला नाही. साडेतीन मिनिटं झाली होती तेव्हा पिल्लं आली. आधी दोन, शेपटीच्या बाजूला. ती पंखाला टोचत होती, वाळूला टोचत होती. तिसरं पिल्लू जरा धीट, ते पाठीवरून पुढे पुढे सरकत डोक्यापाशी आलं. आणि मग जे झालं ते आम्ही तिघांनी बघितलं आणि तिघांनीही बघितलं नाही. डोकं एकदाच बाजूला झटकलं गेलं, वाळूचा एक छोटा ढग उठला, ठिपक्या सरळ झाला आणि पोहायला लागला. तिसरं पिल्लू नव्हतं.

मामी म्हणाली, ‘अगं बाई!’ मामा काही क्षण काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘आणि मी याला औषध देत होतो.’

वहीत नऊचे आठ झाले.

तो झटका इतका जलद कसा, तर सिक्लिडचा वरचा जबडा पुढे सरकतो, तोंड नळीसारखं बाहेर येतं आणि एकदम उघडलं की पाण्याबरोबर पिल्लू आत ओढलं जातं, चावायची गरजच नाही. चावण्याचं काम घशात होतं. सगळ्या सिक्लिडना घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, खालच्या बाजूची दोन हाडं एकमेकांना जोडून एक मजबूत हाड झालेलं, त्यावर दात. कॅरेल लीम यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की खाणं दळायचं काम घशाने उचललं म्हणून पुढचे जबडे मोकळे झाले, कुणाचे खरवडायचे झाले, कुणाचे चिमटे, कुणाची सोंड, आणि एकट्या मलावीत शेकडो जाती होण्यामागे हेही एक मोठं कारण मानतात. ठिपक्याचा गळा नंतर बराच वेळ हलत होता, पान खाल्लेल्या माणसासारखा. मामीने तोंड फिरवलं.

मामाने मग मला विचारलं, हे सोंग त्याला कळतं का? म्हणजे तो ठरवून करतो का? मी म्हणालो मला नाही वाटत. जे पूर्वज जास्त निपचित पडायचे, ज्यांचे डाग जास्त सडके दिसायचे, त्यांना जास्त खायला मिळालं, त्यांची पिल्लं जास्त झाली, एवढं पुरतं. आपल्याकडे बकध्यान म्हणतात ना, बगळा मुठेच्या पाण्यात एका पायावर उभा. पण नीट बघितलं तर बगळ्याचं आणि याचं सारखं नाही. बगळा स्थिर राहतो म्हणजे माशाने त्याच्याकडे दुर्लक्ष करावं म्हणून. हा स्थिर राहतो म्हणजे माशाने त्याच्याकडे यावं म्हणून. एक लपतो, दुसरा दुकान मांडतो. आणि पकडल्यावर जीव वाचवायला मेल्यासारखे पडणारे प्राणी खूप आहेत, साप आहेत, किडे आहेत, पण खाण्यासाठी मरणारे फार थोडे. सिक्लिडमध्येच मध्य अमेरिकेतल्या फ्रिडरिक्सथालाय नावाच्या एका शिकारी माशाबद्दल २००५ मध्ये असाच पेपर आला. तो मासा आणि हा यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे, युक्ती दोघांना वेगवेगळी सापडलेली.

मामाला अजून पटवायचं बाकी होतं, कारण एक पिल्लू खाताना दिसलं म्हणजे दहा यानेच खाल्ली असं होत नाही (खरंच बँकेतला माणूस). रीतसर करायचं तर ठिपक्याला काढायचं, मोजायचं, परत टाकायचं, परत मोजायचं. परत टाकायला मामाने साफ नकार दिला, ‘माझी पिल्लं आहेत ती, तुझे उंदीर नाहीत.’ मग मधला मार्ग काढला, टाकीत पार्टिशन. आधी मी ट्यूबलाइटखाली लावतात ती चौकोनी प्लास्टिकची जाळी आणणार होतो, पण तीन सेंटीमीटरचं पिल्लू त्या घरातून आरामात पार जातं. शेवटी अॅक्रिलिकच्या शीटला ड्रिलने पाच मिलिमीटरची भोकं पाडली, दोनशेच्या वर, रविवार गेला. एका बाजूला ठिपक्या, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. पाणी तेच, फिल्टर तोच, खाणं तेच, रात्री अंधार नेहमीसारखा, दिव्याची माळ नाही.

दहा दिवस. आठाची आठ राहिली. दिव्यांचा मुद्दा निकालात निघाला आणि मामाने वहीत ‘बाप्पाची कृपा’ खोडलं नाही, समोर फक्त लाल पेनाने ‘+ मासा बाहेर’ असं लिहिलं.

त्या दहा दिवसांत ठिपक्या दोनदा पडला, दोन्ही वेळा पार्टिशनला अगदी खेटून, आणि दोन्ही वेळा पलीकडून पिल्लं भोकांपाशी जमा झाली. ज्यांच्या डोळ्यांसमोर अकरा भावंडं गेली ती. मला ते बघून जरा अस्वस्थ वाटलं, पण एक आहे, पिल्लांना शिकायला संधीच मिळत नाही ना, जो जवळ जातो तो सांगायला परत येत नाही आणि लांबून बघणाऱ्याला फक्त वाळू उडताना दिसते.

मग प्रश्न, ठिपक्याचं काय करायचं. दुकानदार फोनवर म्हणाला परत घेतो पण पैसे मिळणार नाहीत. मामाचा एक मित्र म्हणाला, सोडून द्या खडकवासल्यात, स्वतःचं पोट भरेल. यावर मात्र मी आवाज चढवला. आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली, तीही सिक्लिडच, आणि आज उजनीच्या पाण्यात जिथे बघावं तिथे चिलापी, भिगवणला आपण मिटक्या मारत खातो ती तिलापियाच. पनामात गातून सरोवरात १९६७ च्या सुमारास पीकॉक बास शिरला, हाही शिकारी सिक्लिड, आणि काही वर्षांत तिथले बरेचसे लहान स्थानिक मासे दिसेनासे झाले, त्याचा परिणाम मासे खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत गेला. उलट व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिडच बळी ठरले, माणसाने सोडलेल्या नाइल पर्चने त्यांच्या शेकडो जातींची वाट लावली. आपल्याकडे मूळचे सिक्लिड तीनच, त्यातला एक म्हणजे कोकणातली कालुंदर, ती पण खाडीकडची. घाटावरच्या नदीतल्या माशांनी वाळूवर मरून पडलेला मासा एकदम उठतो हे कधी बघितलेलंच नाही. मित्र म्हणाला एका माशाने काय होतंय. मामा त्याला म्हणाला, ‘एकाच माशाने माझी अकरा खाल्ली.’

मला वाटलं होतं मामा ठिपक्याला देऊन टाकेल. झालं उलटंच. त्याने आठ पिल्लांसाठी दोन फुटी टाकी आणली, ती आता स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूला आहे आणि त्यावरून मामीने जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ठिपक्या हॉलमध्येच राहिला, मोठ्या लॅब आणि रस्टींबरोबर, जे त्याच्या तोंडात सध्या तरी मावत नाहीत. सध्या म्हणतोय कारण तो २५ पर्यंत जाणार आणि लॅब दहावर थांबणार, तेव्हा हा कायमचा तोडगा नाही हे मी मामाला सांगून ठेवलंय. जिवंत गप्पी टाकू का असं त्याने विचारलं, मी नको म्हणालो, स्वस्तातले गप्पी म्हणजे बाहेरचे रोग घरी आणणं, आणि तो पेलेट व्यवस्थित खातो, सकाळी एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. मामीने तो सोमवार ठरवलाय.

आडवा पडणं जवळजवळ थांबलं. सुरुवातीच्या महिन्यात दोनदा पडला, कोणी चाखायला आलं नाही, थोड्या वेळाने उठून गेला. मावशी एकदा ओरडल्या होत्या, ‘काका, मासा गेला,’ तर मामा पेपरातून मान वर न करता म्हणाला, राहू दे.

आता वेगळंच सुरू झालंय. गेल्या महिन्यात मोजला तेव्हा १६ सेंटीमीटर, आणि डोक्यावर निळा रंग चढायला लागलाय. म्हणजे नर. या जातीचा नर वयात आला आणि टाकीत त्याचा वरचष्मा असला की निळा पडतो, मग ते सडक्या मांसासारखे डाग त्या निळ्याखाली झाकले जातात. मामाला हे सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला की मादी कुठे मिळेल. मी म्हणालो एक नर असेल तर तीन-चार माद्या लागतील, आणि टाकी सहा फुटाची. त्याने टेप आणून टीव्हीच्या बाजूची भिंत मोजली, पाच फूट चार इंच भरली. मग टीव्हीसकट मोजली. टीव्ही कुठे जाणार हे मामीला अजून सांगितलेलं नाही.